दोन एकर माळ हाताशी आहे? मग सोलर पॅनल सगळ्यात शेवटी

पुरंदर, बारामती, माण, खटाव, पारनेर... या पट्ट्यात आजकाल बरीच मंडळी दोन-अडीच एकर घेतात, किंवा वडिलोपार्जित माळ पडून असतो तो आता करायचाच असं ठरवतात, आणि मग पहिलं काम काय तर बोअर, दुसरं तारेचं कंपाउंड, तिसरं सोलर, आणि झाडं वगैरे नंतर बघू. हा क्रम बरोबर उलटा आहे. सोलर चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूचाच आहे, पण किती किलोवॅट लागणार हे पाणी किती खोल आहे, घर किती तापतं, सावली कुठे पडते यावर ठरतं, आणि या तिन्ही गोष्टी जमिनीवर आधी काम केलं की बदलतात. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो जमलं तर तसाच पाळा. हे सगळं कमी पावसाच्या, म्हणजे साधारण ४०० ते ६०० मिमीच्या, मुरमाड उताराच्या जमिनीसाठी आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जागा असेल तर गणित वेगळं, ते पुढे एका ठिकाणी सांगतो.

आधी बघा, आणि पावसात बघा

सातबारा आणि मोजणीचा नकाशा हातात असला तरी त्यावर उतार दिसत नाही. मृगाचा किंवा वळवाचा एखादा दणका पाऊस चालू असताना छत्री घेऊन रानात उभं राहायचं आणि बघायचं की पाणी कुठून आत येतं, कुठे वेग धरतं, कुठे गढूळ होतं आणि कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतं. जिथे गढूळ होतं तिथे माती जातेय. या जागांवर खुंट्या ठोका, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण ऊन पडलं की दोन दिवसात सगळं विसरायला होतं. वरच्या शेतकऱ्याचं पाणी तुमच्यातून जात असेल तर ती वाट बंद करायची नाही, आणि तुमचं पाणी शेजाऱ्याच्या अंगावर घालायचं नाही, नाहीतर बांधाची भांडणं दहा वर्षं पुरतात.

मग तीन खड्डे घ्या, माथ्यावर एक, मधे एक, खाली एक, प्रत्येकी तीन फूट खोल. माती किती, खाली मुरूम कुठे लागतो, पिवळा मऊ मुरूम आहे का लगेच काळा पाषाण, चुनखड दिसते का, हे लिहून ठेवा. त्याच खड्ड्यांच्या शेजारी फूटभर खोल छोटा खड्डा काढून एकदा पाणी भरून मुरू द्या, परत भरा आणि घड्याळ लावा. काही मिनिटांतच इंचभर उतरलं तर जागा पाणी मुरवायला उत्तम पण साठवायला निकामी, आणि रात्रभर पाणी तसंच उभं राहिलं तर उलट. पुढे चर कुठे आणि तळं कुठे हे बरंचसं या बिनखर्ची टेस्टवर ठरतं.

पाण्याचा हिशोब

एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे ५०० मिमी पावसात तुमच्या प्रत्येक एकरावर साधारण २० लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण उसाला पाटपाण्यावर वर्षाला दोन हजार मिमीच्या आसपास लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. पाऊस देणार २० आणि पीक मागणार ८०, मधले ६० लाख लिटर तुम्ही कुणाच्या तरी विहिरीतून ओढणार, एवढा साधा हिशोब आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटलं, अर्ध्या एकराचं, आणि ऊस बाद केला, तो याच हिशोबातून. हिवरे बाजारात तर पाऊस चारशेच्या आसपास, तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पडलेला पाऊस मोजून गावात बसून पिकं ठरवतात. तुमच्या दोन एकरात ग्रामसभा नाही भरणार, पण पर्जन्यमापक बसवा, स्वस्तात मिळतो, आणि आकडे भिंतीवरच लिहीत जा.

समतल रेषा काढणं

पाणी अडवणारे चर सारख्या उंचीवरून जाणाऱ्या रेषेवरच खोदायचे असतात. ती रेषा लोक नजरेने काढतात आणि तिथेच फसतात, कारण उतारावर डोळा हमखास चुकतो. दोन सात फुटी बांबू वरून बांधा, मधे आडवी काठी, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड, झाला ए-फ्रेम. ज्या जागी दोन्ही पाय टेकवले त्या जागेवर खुणा करा, दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे पेनाने रेघ मारा, मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा आणि परत रेघ मारा. दोन्ही रेघांच्या बरोबर मधे तिसरी रेघ, ती समतल. आता माळावर एक पाय टेकवून दुसरा पाय पुढे-मागे करत दोरी मधल्या रेघेवर आणायची, तिथे फक्की टाकायची, आणि फ्रेम पुढे सरकवत जायचं. वारा असेल तर दगड हलत राहतो, म्हणून सकाळी लवकर करा. पारदर्शक नळीचा हायड्रोमार्कर मिळाला तर काम जास्त झटपट होतं. २०१६ ते २०१९ पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावोगावची पाणी अडवायची स्पर्धा चालू होती तेव्हा गावोगावच्या लोकांनी तो वापरायला शिकून घेतलाय, त्या तालुक्यांत विचारलंत तर शिकवणारं कुणीतरी सापडेल.

रेषा वाकडीतिकडी येणार, सापासारखी. ती सरळ करायचा मोह आवरा. जेसीबीवाला म्हणेल साहेब सरळ मारतो, डिझेल वाचतं. नाही म्हणा.

चर, वरून खाली

सलग समतल चराचं नेहमीचं माप दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे ६० बाय ३० सेंमी. एक मीटर लांबीत १८० लिटर पाणी बसतं. एकराचा चौकोन धरला तर बाजू साधारण ६३ मीटर, त्यात दहा-दहा मीटरवर सहा ओळी बसतात, म्हणजे पावणेचारशे मीटर चर आणि एका भरण्यात पासष्ट-सत्तर हजार लिटर पाणी. आता एका संध्याकाळी ५० मिमी पाऊस झाला तर एकरावर दोन लाख लिटर पडतं, त्यातलं समजा निम्मं वाहायला लागलं तर एक लाख. म्हणजे चर सगळं पाणी पकडणार नाहीत, दोन तृतीयांश पकडतील, आणि तेवढं पुरे आहे, कारण असे पाऊस हंगामात अनेकदा होतात आणि चर मधल्या काळात रिकामे होऊन परत भरतात. उरलेल्या पाण्याला मात्र वाट द्यावीच लागते.

खोदताना माती खालच्या अंगाला टाका, पण चराच्या काठापासून फूटभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात तीच माती परत चरात. दर पंधरा-वीस मीटरला चरात मातीचा आडवा अडथळा न खोदता ठेवा, एखादा तुकडा फुटला तरी सगळ्या ओळीचं पाणी एका जागी धावत नाही. काम माथ्यावरून सुरू करायचं, पायथ्याकडून नाही, खालचे चर आधी केले तर वरची सगळी माती त्यात येऊन बसते. आणि हे सगळं जानेवारी ते मे या काळात, एकदा पाऊस लागला की माळावर मशीन घालायचं नाही, माती दाबली जाते.

दोन ठिकाणी हे चर काढू नका. खोल काळ्या मातीत, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेतून पाणी घुसून बांध फुटतो, तिथे आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी आणि बांधबंदिस्ती बरी. आणि दुसरं, घाटमाथ्यावर जिथे दोन-तीन हजार मिमी पाऊस पडतो त्या तीव्र उतारावर, कारण तिथे पाणी मुरवलं की मातीचा थर जड होऊन खाली सरकू शकतो. तिथलं काम पाणी सावकाश पण बाहेर काढायचं आहे.

बांधावर पहिल्याच पावसात स्टायलो किंवा मारवेल या चाऱ्याच्या जातींचं बी फेका, मुळं धरली की बांध टिकतो. आणि निदान दोन वर्षं चराई बंद ठेवा, शेजारच्या मेंढपाळाशी आधी बोलून ठेवा म्हणजे नंतर तोंडातोंडी होत नाही.

ओघळ आणि शेततळं

रानात छोटी ओघळ असेल तर त्यात वरून खाली अनघड दगडी बांध घाला. सिमेंट नको, दगडावर दगड, मोठे दगड पाण्याच्या खालच्या बाजूला, मधला भाग काठापेक्षा खोलगट ठेवायचा म्हणजे पाणी मधूनच पडतं आणि काठ कापला जात नाही. दोन-तीन पावसाळ्यात मागे माती साठते, तिथे फळझाड फार जोमाने येतं.

शेततळं सरसकट सगळ्यांना लागत नाही. मुरूम पाणी पीत असेल आणि खाली स्वतःची विहीर असेल तर चर आणि दगडी बांध पुरतात, पाणी जमिनीत ठेवलेलं जास्त सुरक्षित, त्याची वाफ होत नाही. लागलंच तर खालच्या तिसऱ्या हिश्श्यात घ्या, ओघळीच्या पात्रात नाही तर बाजूला, आत येणाऱ्या पाण्यासाठी आधी गाळाचा खड्डा आणि बाहेर जायला दगड लावलेला सांडवा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं, पण त्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर आहे आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ मिमी जरी वाफ झाली तरी रोज सात हजार लिटर हवेत. म्हणून दोन एकराला एवढं मोठं तळं नकोच, लहान आणि खोल बरं.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत असाल तर ठीक, पण बोअरचं पाणी उपसून उघड्या तळ्यात साठवणं म्हणजे गावाच्या भूजलातलं पाणी काढून उन्हात वाळत घालणं आहे. आणि एक जिवाची गोष्ट, प्लास्टिकच्या उतारावर शेवाळ धरतं, आत पडलेल्याला वर येता येत नाही, पोरं आणि जनावरं दरवर्षी कुठेतरी जातातच. चारी बाजूंनी जाळी, आणि पाण्यात उतरलेले, गाठी मारलेले जाड दोर चारी काठांना बांधलेले हवेतच. यात काटकसर नको.

झाडं कुठे, आणि कुठे नको

पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे वारारोधक ओळ त्या बाजूला. दोन-तीन ओळी, बाहेर करंज, कडुनिंब, शिरीष, आत शेवरी किंवा गिरिपुष्प, जमेल तिथे माणगा बांबू. झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी वाऱ्याचा जोर जाणवण्याइतका कमी होतो, म्हणजे २० फुटी ओळ २०० फूट रान सांभाळते, आणि मातीतला ओलावाही टिकतो. गिरिपुष्पाचा पाला छाटून फळझाडाच्या बुडाशी टाका, नत्र मिळतं. चराच्या बांधावर सीताफळ, आवळा, बोर, जरा लांब चिंच. निलगिरी टाळा.

सगळा माळ झाडांनी भरून टाकायचा नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. माळरान म्हणजे ओसाड जागा असं आपल्या डोक्यात बसलंय, पण बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतात ते गवताळ माळावरच. चंडोल, टिटवी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना झाडी नकोच असते. एखादा पाव एकर गवताचा तुकडा तसाच ठेवा, पवना-डोंगरी गवत वाढू द्या, दिवाळीनंतर कापून चाराही होतो.

आणि आता सावली, कारण पुढे पॅनल येणार. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, म्हणजे १० मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे ९ मीटर, पण सकाळी साडेनऊच्या सुमाराला तीच सावली १८ मीटर लांब, वायव्येकडे पडलेली. म्हणून पॅनलच्या जागेपासून पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेला झाडाच्या पूर्ण वाढलेल्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळं सोडा. आज रोप कमरेएवढं आहे म्हणून जवळ लावू नका. उलट १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कलतो, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या उत्तर भिंतीवरही ऊन येतं.

घर आणि चूल

शेतघर बांधत असाल तर लांब बाजू पूर्व-पश्चिम धरून ठेवा, पश्चिमेला पडवी, भांडी घासायची मोरी, गोठा, काहीही, पण झोपायची खोली नको. पत्र्याला किंवा स्लॅबला दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा, पंख्याचे तास कमी होतात. १००० चौरस फूट छतावरून ५०० मिमी पावसात, गळती-बिळती धरून, ३५ हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं टाकीत, टाकी भरली की विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात.

चार-पाच जनावरं असतील तर गोबर गॅस कराच. दोन घनमीटरचा दीनबंधू प्लांट पाच-सहा माणसांच्या घराला पुरतो, रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एक घनमीटर गॅस म्हणजे अर्ध्या किलोला जरा कमी एलपीजी. विहिरीपासून पंधराएक मीटर लांब, स्वयंपाकघरापासून जवळ, आणि सावलीत नाही तर उन्हात, थंडीत गॅस कमी होतो ना. स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला शेणकाला, थेट झाडांना जाईल अशा उंचीवर बांधा. जनावरं नसतील, शनिवार-रविवारीच जाणार असाल, तर हा उद्योग करू नका, प्लांटला रोज खायला लागतं.

आता वीज

हजार लिटर पाणी ३६७ मीटर उचलायला कागदावर एक युनिट लागतं. पंप-मोटर-पाइप धरून निम्म्याहून कमी कार्यक्षमता हाती येते, ४५ टक्के धरू. रोज २० हजार लिटर, विहिरीतून टाकीपर्यंत एकूण २५ मीटर उचल, तर रोज साधारण ३ युनिट. तेच पाणी बोअरमधून ९५ मीटरवरून आणायचं तर साडेअकरा युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे विहिरीचं पाणी वर राहिलं तर एक किलोवॅटमध्ये भागतं आणि खोल गेलं तर तीन. चरांवर घातलेला पैसा असा इथे परत येतो, आणि म्हणूनच पॅनल शेवटी.

बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा उंचावर टाकीत पाणी साठवा. दिवसा ऊन असेल तेव्हा भरायची, संध्याकाळी उताराने ठिबकला सोडायची. नेहमीच्या ठिबकला दहा मीटर उंचीचा दाब लागतो, तेवढा उतार नसेल तर कमी दाबाच्या नळ्या घ्या.

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर साडेसात एचपी, लाभार्थी हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अर्ज फक्त महावितरणच्या पोर्टलवर, फोन करून पैसे मागणाऱ्यांना भीक घालू नका, बनावट वेबसाइट बऱ्याच निघाल्यात. पण लक्षात घ्या, सौर पंपाला बिल नाही म्हणून लोक दिवसभर चालू ठेवतात आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. टाकी भरली की बंद होणारा फ्लोट स्विच पहिल्या दिवशीच लावून घ्या.

घरासाठी आधी यादी करा. पाच एलईडी, दोन बीएलडीसी पंखे (३० वॅटचे, जुना ७५ खातो), छोटा फ्रिज, राउटर, सगळं मिळून दिवसाला दोन-अडीच युनिट. एक किलोवॅट पुरतं. घरगुती कनेक्शन असेल तर पीएम सूर्यघरमधून एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे. पण विक्रेते एक गोष्ट सांगत नाहीत, साधी ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली बिनबॅटरीची सिस्टीम लाईट गेली की तीही बंद होते, ऊन कितीही असो. गावाकडे लाईट जाते हे काय सांगायला पाहिजे, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी घ्या, निदान दिवे-पंख्यापुरती.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, १८ ते २० अंश कलाने. स्ट्रक्चरचे पाय काळ्या मातीत नुसते पुरू नका, ती फुगते-आकसते, मुरूम लागेपर्यंत खोल जा. वळवाच्या वाऱ्यात पॅनल उडाल्याच्या गोष्टी खोट्या नाहीत. सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर खर्च वाढतो पण खाली आलं, हळद, पालेभाज्या किंवा नर्सरी होते, आणि पॅनल धुतलेलं पाणी तिथेच पडतं. अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज पडली तर वाचवणारा) वेगळे, कंत्राटदाराला दाखवायला लावा.

पवनचक्कीबद्दल हमखास विचारतात. वाऱ्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात, वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा. साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत कारण तो सह्याद्रीच्या माथ्यावरचा उघडा सडा आहे. तुमच्या खोलगट रानात घरगुती पवनचक्की शोभेला ठीक.

वर्षभराची कामं

मे अखेर: सांडवे मोकळे, चरातला गाळ काढून बांधावर, ओघळीतले सुटलेले दगड परत बसवायचे. जून ते सप्टेंबर: प्रत्येक मोठ्या पावसानंतर खुंट्यांपाशी चक्कर, फुटलेली जागा त्याच आठवड्यात बुजवा, महिन्याभराने तिथे घळ झालेली असते. परतीचा पाऊस संपला की विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजा आणि त्यावरून रब्बीचं ठरवा, आधी बियाणं आणून मग पाणी शोधायचं नाही. डिसेंबर ते मे धूळ भरपूर, पॅनल आठवड्यातून एकदा, पहाटे गार असताना साध्या पाण्याने पुसा, दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतलं तर काच तडकू शकते. मार्चमध्ये विहीर परत मोजा, ऑक्टोबरच्या आकड्याशेजारी लिहा, आणि टाकी रोज भरायची का एकाआड एक दिवस हे त्या दोन आकड्यांवरून ठरवा.